बाहुली सासरी निघाली आणि जहाजं बुडाली

आमच्या मारेगावातून कुठल्याही दिशेला निघा, कोसोकोस समुद्र नाही. आरमार म्हटलं की आमच्याकडच्या माणसाला तोफा आणि पांढरे कडक गणवेश आठवतात. 1971 साली नौदलातल्या एका मराठी अधिकाऱ्याने जी छुपी लढाई उभी केली, तिच्यात सुरुवातीला यातलं काहीच नव्हतं. होती ती पोहणारी पोरं.

अधिकारी म्हणजे कमांडर मोहन नारायण राव सामंत, 'करंज' पाणबुडीचे पहिले कप्तान. त्या मार्चअखेर फ्रान्सच्या तुलाँ बंदरातून पाकिस्तानच्या 'मांग्रो' पाणबुडीवरचे 8 बंगाली नौसैनिक पळाले. माद्रिदची भारतीय वकिलात गाठून ते दिल्लीत आले. पुढे प्लासीला (हो, तीच क्लाइव्हची प्लासी) भागीरथीकाठी गुप्त तळ पडला. तिथे पूर्व पाकिस्तानच्या (आजच्या बांगलादेशाच्या) स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीतली विद्यार्थी आणि शेतकऱ्यांची पोरं निवडून आणली. नदीत वाढलेल्यांना पोहणं काय शिकवायचं? शिकवायचं होतं ते रात्री, आवाज न करता, पोटावर सुरुंग घेऊन तासन्‌तास पोहणं.

सुरुंग गमछाने बांधायचा. जहाजापाशी बुडी मारायची, चाकूने बुडावरचं शेवाळ-शिंपले खरवडायचे आणि लोहचुंबकाचा सुरुंग पत्र्याला चिकटवायचा. घोडं अडलं ते एका खुंटीपाशी. सुरुंगाच्या चापातली ही खुंटी पाण्यात विरघळली की स्फोट. पण पोरगा पाण्यात उतरल्याबरोबरच ती विरघळायला लागली तर? त्यावर तोडगा निघाला निरोधचा. चापावर तो चढवायचा आणि सुरुंग चिकटवला की ओढून काढायचा. ही मागणी सरकारी कागदावर मांडताना 'कारण' या रकान्यात काय लिहिलं असेल, देव जाणे.

दुसरी अडचण निरोप धाडण्याची. माणसं चट्टगाव, मोंगला, चांदपूर, नारायणगंजला विखुरलेली, आणि घाव एकाच रात्री पडायला हवा. बिनतारी यंत्र जवळ सापडलं तर जीव जायचा; साध्या रेडिओवर कोण संशय घेणार? आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावरून दोन गाणी वाजवायचं ठरलं. एक पंकज मलिकांचं, दुसरं सासरी निघालेल्या बाहुलीचं. बंगालभर ती गाणी ऐकली गेली असतील. त्यातला हुकूम मोजक्याच कानांना कळला.

15 ऑगस्टच्या रात्री चारही बंदरांत पोरं पाण्यात उतरली. चट्टगावला 'हरमुज' आणि 'अल् अब्बास' ही जहाजं बुडाली. गोळी झाडावी लागली नाही. मला या मोहिमेचं मोठेपण यातच वाटतं.

डिसेंबरात उघड युद्ध पेटलं आणि सामंत स्वतः 'पद्मा', 'पलाश' आणि 'पनवेल' या तोफनौका घेऊन मोंगला-खुलनावर गेले. (खाडीकाठच्या आपल्या पनवेलचं नाव बंगालच्या नदीत!) आपल्या विमानांना ओळखू याव्यात म्हणून नौकांवर पिवळी खूण केलेली. तरीही 10 डिसेंबरला आपल्याच विमानांनी 'पद्मा' आणि 'पलाश' बुडवल्या. 'पलाश'वरचे रुहुल अमीन त्यात गेले. बांगलादेशाने त्यांना 'बीरश्रेष्ठ' हा सर्वोच्च सन्मान दिला. सामंतांनी 'पनवेल'वरून पाण्यातली माणसं उचलली आणि लढत राहिले.

त्यांना महावीरचक्र मिळालं, पण प्लासीची गोष्ट वर्षानुवर्षं झाकलेलीच राहिली. पत्रकार संदीप उन्नीथन यांच्यासोबत त्यांनी लिहिलेलं 'ऑपरेशन एक्स' 2019 मध्ये छापून आलं. त्याच वर्षी, पुस्तक यायच्या काही महिने आधी, सामंत गेले.