कन्नडमध्ये ‘हत्ती’ म्हणजे कापूस! असं कसं?

परभणीच्या मोंढ्यात कुणी ‘हत्ती आलाय’ म्हणालं, तर लोक बाहेर येऊन सोंड शोधतील. रायचूरच्या बाजारात मात्र याच शब्दावर कापसाचा भाव विचारला जाईल. कन्नडमध्ये ‘हत्ती’ म्हणजे कापूस. सोंडवाल्या प्राण्याला तिथे ‘आने’ म्हणतात. १९५६च्या भाषावार प्रांतरचनेपर्यंत हे दोन्ही जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात होते. काळी माती आणि कापूसही दोन्हीकडे आहे. मग शब्दही एकच असणार, असं कुणालाही वाटेल.

पण तसं नाही. मराठी ‘हत्ती’ संस्कृत ‘हस्तिन्’वरून आला. हस्तिन् म्हणजे हात असलेला. इथे हात म्हणजे सोंड. प्राकृतात त्याचं ‘हत्थी’ झालं आणि पुढे मराठीत ‘हत्ती’.

कन्नड शब्दाचं घराणंच वेगळं. कापसाला तमिळमध्ये ‘परुत्ती’ आणि तेलुगूत ‘पत्ती’ म्हणतात. कन्नडमध्येही सुरुवातीला ‘प’च होता. मध्ययुगात कन्नड शब्दांच्या सुरुवातीचा ‘प’ बदलून ‘ह’ झाला, तोही एकदोन शब्दांत नाही, तर शेकडो शब्दांत. दुधाला तेलुगूत ‘पालु’, कन्नडमध्ये ‘हालु’. वाघाला तिकडे ‘पुली’, इकडे ‘हुली’. म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही ‘हत्ती’ एकमेकांसारखे नव्हतेच! आजचं साम्य हा निव्वळ योगायोग आहे.

(तेलुगू ‘पत्ती’चीही गंमत आहे. सिकंदराबादला उतरून मराठी माणूस ‘चहात पत्ती जास्त टाका’ म्हणाला, तर शब्दशः तो कापूस मागतोय. तिथल्या चहावाल्याला दखनी येते म्हणून निभावतं.)

सारखे दिसणारे चार शब्द जोडून ‘अमुक भाषा तमुक भाषेतूनच निघाली’ असं सांगणारे फॉरवर्ड इथेच फसतात. मराठी-कन्नडमध्ये उसनवारी खूप झाली आहे. ‘अण्णा’, ‘अक्का’ हे आपण द्राविडी शेजाऱ्यांकडूनच घेतले. पण तिथे रूपासोबत अर्थही जुळतो. नात्याचा खरा पुरावा ‘पालु-हालु’सारखा असतो: एकच बदल, तोच अर्थ, पुन्हा पुन्हा.

शंका आली तर मराठीसाठी कृ. पां. कुलकर्णींचा १९४६चा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ आहे, आणि द्राविडी भाषांसाठी बरो आणि एमेनो यांचा १९६१चा कोश.