बर्फातलं तापमान कसं वाचायचं?

‘पृथ्वी पूर्वीही तापली होती की! मग आताच एवढी ओरड कशाला?’ प्रश्न रास्त आहे. पण तेव्हा थर्मामीटर नव्हता. मग ते तापणं आपल्याला कळलं कसं, तिथून सुरुवात करू.

अंटार्क्टिकात पडलेलं हिम सहसा वितळत नाही, थरावर थर साचतो. पोकळ ड्रिल उतरवून त्यातून बर्फाचा लांब दंडगोल काढतात. हा हिमगाभा. ‘डोम सी’ इथे युरोपीय पथकाने ३,२०० मीटरहून खोल जाऊन ८ लाख वर्षांचा बर्फ वर आणला. आपल्याकडे गोव्यात, वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातही असे गाभे तपासले जातात.

आता तापमान. पाण्यातला ऑक्सिजन काही हलका असतो, काही जड. या रूपांना समस्थानिक म्हणतात. वाफ ध्रुवाकडे जाताना जड ऑक्सिजनचं पाणी आधी गळून पडतं. थंडी जितकी कडक, तितका ध्रुवावरच्या हिमात जड ऑक्सिजन कमी. डेन्मार्कच्या विली डान्सगार्ड यांनी १९५२ साली बिअरच्या बाटलीला नरसाळं लावून अंगणातला पाऊस जमवला, त्यातून ही मोजणी उभी राहिली.

मग हवा. बर्फातल्या बुडबुड्यांत जुनी हवा कोंडलेली असते. मात्र वरचं हिम भुसभुशीत असल्याने बुडबुडा बंद होतो तो कित्येक मीटर खाली. म्हणून हवा भोवतालच्या बर्फापेक्षा वयाने लहान, काही ठिकाणी हजारो वर्षांनी!

हिशेब चुकतो तो इथेच. हिमयुग संपताना अंटार्क्टिकाचं तापमान आधी आणि कार्बन डायऑक्साइड थोडा मागून वाढला, असं जुन्या मोजणीत दिसलं. ‘बघा, वायू निर्दोष!’ असं लगेच म्हटलं गेलं. पुढे हे अंतर बरंच कमी निघालं. पण जुनी मोजणी मान्य केली तरी निष्कर्ष चुकतो. सुरुवात पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलाने झाली, समुद्र तापून वायू सुटला आणि त्या वायूने तापमान आणखी चढवलं. आज समुद्राची वाट पाहावी लागत नाही. कोळसा आणि तेल जाळून आपणच तो वायू सोडतो.

‘पृथ्वी पूर्वीही तापली होती’ म्हणत ग्रीनलंडच्या हिमगाभ्याचा एक आलेखही फार फिरतो. त्यात ‘आजपासून इतकी वर्षं मागे’ असं असतं, पण या शास्त्रात ‘आज’ म्हणजे १९५०. आणि त्यातली तापमानाची रेघ तर १८५५ च्या सुमारास थांबते. आपली तापमानवाढ त्यात नाहीच. शिवाय ते एकाच जागेचं तापमान. ग्रीनलंडमध्ये काही दशकांत मोठ्या उड्या झाल्या आहेत, साऱ्या जगात तशा नाहीत.

साऱ्या जगाचं पाहिलं तर शेवटच्या हिमयुगातून बाहेर पडताना साधारण ५-६ अंशांची वाढ झाली, सुमारे १० हजार वर्षांत. आता दीडशे वर्षांतच १ अंशाच्या वर गेलो आहोत. आणि डोम सीच्या गाभ्यात कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत ३०० भागांच्या वर कधी गेलेलाच नाही. आज तो ४२० च्या पुढे आहे.