दोन डोक्यांचा पक्षी

शाळेच्या बिल्ल्यावरील चिन्हाचा अर्थ वर्गांत सांगत असतां एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिलें, "गुरुजी, मग आपल्या बाळापुराचें चिन्ह कोणतें?" प्रश्न साधा, पण त्याचें उत्तर तत्काळ देतां आलें नाहीं, तें येथें देत आहों.

ढालीवर चिन्ह धारण करण्याची चाल युरोपांत बाराव्या शतकांत पडली. लोखंडी शिरस्त्राणानें योद्ध्याचा चेहरा झांकला जाई. तेव्हां आपला कोण व परका कोण हें ढालीवरील चित्रावरूनच ओळखावें लागे. पुढें तें चित्र वारशानें बापाकडून मुलाकडे जाऊं लागलें, आणि कालांतरानें शहरें व खेडींही आपली नदी, पूल किंवा बुरूज ढालीवर काढूं लागलीं. आपल्या खेड्यांत ही रूढि नव्हती. परंतु राजकुळांस लांछनें होतीं. चालुक्यांचा वराह व देवगिरीच्या यादवांचा गरुड प्रसिद्धच आहेत.

वऱ्हाडांत असें लांछन पाहावयाचें तर मेळघाटांतील गाविलगडावर जावें. तेथील दिल्ली दरवाजावर गंडभेरुंड, म्हणजे दोन डोक्यांचा काल्पनिक पक्षी, कोरलेला आहे. जवळच सिंह व हत्तीही आहेत. हा गड १४८८ च्या सुमारास फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्क यानें दुरुस्त करविला. फत्तेउल्ला मूळचा विजयनगरच्या मुलुखांतील हिंदु मुलगा. लढाईंत कैद होऊन तो बहामनी राज्यांत आला, मुसलमान झाला, वऱ्हाडच्या सुभेदाराच्या चाकरींत वाढला, आणि १४९० मध्यें स्वतंत्र होऊन त्यानें इमादशाही स्थापिली.

गंडभेरुंड हा अतुल बलाचें प्रतीक; त्याच्यापुढें हत्तीही क्षुद्र. कर्नाटकांत त्याचा मान फार जुना आहे. विजयनगरच्या अच्युतरायाच्या सोन्याच्या नाण्यांवर तो हत्ती धरून बसला आहे. म्हैसूरच्या वोडेयर राजांनीं तो स्वीकारिला, आणि आज कर्नाटक राज्याच्या मुद्रेवरही तोच आहे. म्हणून गाविलगडाच्या पक्ष्यांत फत्तेउल्लाच्या जन्मभूमीची खूण असावी, असा तर्क करितात. तो खरा असेल, तर ह्या मनुष्याचें नांव पालटलें, धर्म पालटला, धनी पालटले. तरी लहानपणच्या मुलुखाचा पक्षी त्यास आपल्या दारावर हवासा वाटला! १५७४ मध्यें अहमदनगरच्या निजामशाहानें इमादशाही बुडविली. राज्य गेलें, पक्षी दगडांत राहिला.

आतां बाळापुराकडे वळूं. मन व म्हैस ह्या नद्यांचा संगम. बाळादेवी, जिच्यावरून गांवास नांव पडलें. औरंगजेबपुत्र आझमशहानें आरंभिलेला व १७५७ मध्यें एलिचपूरच्या इस्माइलखान नवाबानें पुरा केलेला किल्ला. आणि मिर्झाराजे जयसिंगाची म्हणून ओळखली जाणारी छत्री. इतकें धन असतां चिन्हास काय उणें? विद्यार्थिमित्रांनो, सुटींत वडील माणसांस विचारून एक ढाल रेखाटा, आणि तींत काय घातलें व कां घातलें हें खालीं लिहा. मात्र किल्ल्याच्या भिंतीवर कोळशानें वा खिळ्यानें स्वतःचें नांव कोरूं नका. ज्यांनीं त्या भिंती उभारिल्या, त्या गवंड्यांचींही नांवें तेथें नाहींत.