राखणीची बंदूक आणि नेमबाजीची रायफल

भुईमूग भरू लागला, ऊस कांड्यावर आला, म्हणजे रानडुकरांचा उपद्रव वाढतो आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांकडे एक प्रश्न हमखास येतो : पिकाची राखणही होईल आणि मुलाला नेमबाजीचा सरावही करता येईल, अशी एखादी रायफल घ्यावी काय? खर्चाच्या दृष्टीने हा विचार स्वाभाविक आहे. परंतु तो कसोटीस उतरत नाही.

सरावाची रायफल बहुधा ०.२२ ची असते. नळीतील पीळदार खाचांमुळे तिची गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले, ते याच मापाच्या रायफलीने. ५० मीटरांवरील त्या लक्ष्याच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो! मोह पडावा असाच हा अचूकपणा आहे. पण गोळीचे वजन जेमतेम अडीच ग्रॅम. कागद भेदण्यास ती पुरेशी. डुकराच्या जाड कातड्यापुढे व खांद्याच्या हाडापुढे तिचे फारसे चालत नाही. जखमी डुक्कर उसात शिरून बसते आणि दुसऱ्या दिवशी पाचट काढावयास गेलेल्या मजुराच्या अंगावर येते.

मग ०.३१५ ची थोर रायफल का नको? तिची गोळी सुमारे सोळा ग्रॅमची. ती डुकरास आडवे करील, यात संशय नाही. परंतु नेम चुकला, तर ती बांधापाशी थांबत नाही. ०.२२ ची गोळीदेखील किलोमीटरभर जाऊ शकते. हिची गोष्टच वेगळी. रात्री बॅटरीच्या झोतात पलीकडच्या वावरात दारे धरणारा माणूस दिसत नाही, हे विसरून कसे चालेल?

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्येही हा भेद केलेला आहे. पीक संरक्षणासाठी तेथे ठासणीची बंदूक सांगितली असून, ती पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. ०.२२ रायफलीचा उल्लेख आहे तो मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सदस्याच्या सरावापुरता.

तेव्हा राखणीसाठी बारा बोअरची बंदूक पाहावी. तिच्या मोठ्या छर्ऱ्यांचा भरवसा तीस-पस्तीस मीटरांपर्यंतच धरावा. गावालगतच्या शेतात ही उणीव नसून सोयच आहे. बार माळ्यावरून, खालच्या दिशेने टाकावा, म्हणजे चुकलेला छर्रा मातीत जातो. विकत घेताना दस्ता खांद्यास लावून पाहावा. मान न ताणता नळीवरून नजर गेली पाहिजे.

परवाना मिळाला म्हणजे प्राणी मारण्याचा अधिकार मिळाला, असा मात्र अनेकांचा समज असतो. वन्य प्राण्यांची हौशी शिकार आता कायद्यास मान्य नाही. रानडुक्कर १ एप्रिल २०२३ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकास उपद्रव होत असल्यास मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती हाती येईपर्यंत काडतूस नळीत घालू नये.