उरलेल्या पानांचा हिशेब
फाशांच्या खेळात मागल्या दानाचा पुढल्या दानाशी काडीमात्र संबंध नसतो. परंतु ब्लॅकजॅकमध्ये, कॅट पुन्हा पिसला जाईपर्यंत, वाटून झालेले प्रत्येक पान उरलेल्या पानांचे बलाबल बदलून जाते, आणि एवढ्या एका भेदावर एडवर्ड थॉर्प या अमेरिकन गणितज्ञाने आयबीएम ७०४ या संगणकाच्या साहाय्याने जी उपपत्ती उभारली, ती १९६२ साली 'बीट द डीलर' या ग्रंथाच्या रूपाने प्रसिद्ध झाली.

उरल्या कॅटात दश्श्या, चित्रे आणि एक्के अधिक असले, की पहिल्या दोन पानांतच एकवीस होण्याचा संभव वाढतो, आणि त्याबद्दल खेळणाऱ्याला रिवाजाप्रमाणे दीडपट रक्कम मिळते. शिवाय सोळापर्यंत पान घेणे ज्याला नियमाने भागच आहे तो वाटणारा एकवीसच्या पुढे अधिक वेळा जातो. म्हणून लहान पाने, त्यांतही पंजी, निघून जाणे खेळणाऱ्याच्या पथ्यावर पडते.

हार्वे डबनर यांच्या 'हाय-लो' पद्धतीत दुर्रीपासून छक्कीपर्यंत अधिक एक, सत्ती ते नव्वी शून्य, आणि दश्शी, चित्रे व एक्का यांना उणे एक धरतात. तिर्री, राजा, छक्की, नव्वी, पंजी, दुर्री अशी पाने पडली, तर बेरीज तीन. तिला शिल्लक कॅटांच्या संख्येने भागून जो आकडा येतो, त्याच्या अनुरोधाने पैज कमीजास्त करावयाची. स्टॅनफर्ड वाँग यांची 'हाव्ज' पद्धती याहून सूक्ष्म: तीत पंजीला दीड, दुर्री व सत्तीला अर्धा, नव्वीला उणे अर्धा, आणि त्यामुळे त्याच सहा पानांची बेरीज अडीच भरते. या सूक्ष्मतेचे सौंदर्य मी मनापासून मानतो. तथापि ज्या खेळात कुशल मोजणाराचा लाभही शेकडा एकाच्या आसपासच राहतो, तेथे भराभर पडणाऱ्या पानांत अपूर्णांक सांभाळताना झालेली एक चूकही कॅट पिसला जाईपर्यंत हिशेबात राहते, म्हणून निर्दोष पाळलेली साधी पद्धतीच मला श्रेयस्कर वाटते.

केवळ मनातल्या मनात पाने मोजणे हा अमेरिकेत गुन्हा नाही, तरीही मोजणाऱ्यांना द्यूतगृहांतून मज्जाव होत आला, आणि बुद्धी वापरली एवढ्याच कारणास्तव कोणास दारातून परतविणे हे मला सर्वथा अन्याय्य वाटते. केन उस्टन यांच्या फिर्यादीत १९८२ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने, असा मज्जाव करण्याचा अखत्यार द्यूतगृहास नाही, असा निवाडा दिला. मालकांनी मग अधिक कॅट वापरण्याची आणि लवकर पिसण्याची तजवीज केली; पुढे तर अशी यंत्रे आली, की वाटून झालेली पाने लागलीच उरलेल्यांत मिसळतात आणि मोजण्याजोगे काही शिल्लकच राहत नाही.