जुनी सवय जाते कुठे?

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत ॲन ग्रेबिएल यांनी सवयीचा माग उंदरांच्या मेंदूत काढला. टी आकाराच्या वाटेवर उंदीर धावत. एका आवाजाला डावीकडे जायचं, दुसऱ्याला उजवीकडे. एका टोकाला चॉकलेटचं दूध, दुसऱ्याला साखरेचं पाणी. वाट अंगवळणी पडल्यावर त्या दुधाची उंदरांना शिसारी बसेल असं केलं. तरी इशारा झाला की ते धावत तिकडेच!

२०१२ मध्ये काइल स्मिथ आणि ग्रेबिएल यांनी पुढची पायरी गाठली. उंदीर धावत असताना प्रकाशाच्या साहाय्याने त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागातला एक छोटा हिस्सा तीन सेकंद थोपवला. सवय सुटली. उंदीर साखरेच्या पाण्याकडे वळले आणि काही दिवसांत तीच नवी सवय झाली. खरं नवल यापुढे आहे. तोच हिस्सा पुन्हा थोपवताच नवी सवय गेली आणि जुनी लगेच परतली. ती पुसलीच गेली नव्हती, नवीखाली दबून होती.

माणसाचा मेंदू उंदराएवढा साधा नाही. पण वर्षानुवर्षं सुटलेली तंबाखू जुन्या मित्रांत बसल्यावर पुन्हा तळहातावर का येते, हे या प्रयोगामुळे समजायला मदत होते. अशा माणसाला कमकुवत मनाचा म्हणणं अन्यायाचं आहे.

मग करायचं काय? नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये एक साधी रीत मांडली. नखं खाणाऱ्याने आधी आपला हात तोंडाकडे कधी जातो ते टिपायचं: वाचताना, वाट पाहताना, काळजीत असताना. तसं होऊ लागलं की मूठ घट्ट आवळून एक ते तीन मिनिटं धरायची. आवळलेल्या मुठीने नखं खाताच येत नाहीत, सगळी मेख इथे आहे. शरीराच्या नकळत, वारंवार होणाऱ्या झटक्यासारख्या हालचालींवर (टिक्सवर) ही पद्धत आजही वापरतात.

तंबाखूचं थोडं वेगळं आहे. तिथे निकोटिनची भूक असतेच, शिवाय डबी उघडणं, चुना लावणं, मळणं हा हाताचा चाळाही असतो. तलफ आली की तोंडात बडीशेप किंवा लवंग ठेवण्याचा उपयोग होतो. सुपारी मात्र नको. तंबाखूविना खाल्लेली सुपारीही कर्करोगकारक ठरली आहे. गुटखा सोडून सुपारी धरणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

नवी सवय एकवीस दिवसांत लागते, या समजुतीवर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांचा १२ आठवडे अभ्यास केला. फळ खाणं, पाणी पिणं, धावणं अशा सवयी अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं निघालं. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं.

तंबाखू सोडू पाहणाऱ्यांनी १८००-११२-३५६ हा सरकारी क्रमांक जवळ ठेवावा. तिथे मार्गदर्शन विनामूल्य मिळतं.