कोळंबीचा विषाणू आणि कर्करोगाची रक्ततपासणी

रक्तातल्या जीवाणूंवरून कोणताही कर्करोग ओळखता येतो, या समजाला मोठं बळ मिळालं २०२० मध्ये. सॅन दिएगोच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दावा केला की ३३ प्रकारच्या कर्करोगांत, गाठींमध्ये आणि रक्तात, सूक्ष्मजीवांच्या डीएनएचा वेगवेगळा ठसा सापडतो.

तीन वर्षांनी जॉन्स हॉपकिन्सचे स्टीव्हन साल्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली. संदर्भासाठी घेतलेल्या जीवाणूंच्या कच्च्या जीनोममध्ये माणसाच्याच डीएनएचे तुकडे मिसळलेले होते. साहजिकच रुग्णाचा स्वतःचा डीएनए जीवाणूंच्या खात्यात जमा झाला! दुसरी चूक गणितातली. अधिवृक्क ग्रंथीच्या कर्करोगाची ‘खूण’ म्हणून संगणकाने निवडला होता कोळंबीत आढळणारा एक विषाणू. मूळ नोंदींत तो जवळजवळ कुठेच नव्हता. आकडे समपातळीवर आणताना शून्यांनाच कर्करोगागणिक वेगळं मूल्य मिळालं आणि संगणकाने तेच हेरलं. जून २०२४ मध्ये ‘नेचर’ने निबंध मागे घेतला.

निरोगी रक्तात जीवाणूंची कायमची वस्ती असते, हाही असाच एक समज. सिंगापूरमध्ये ९,७७० निरोगी लोकांच्या रक्ताची छाननी झाली, तेव्हा सर्वांमध्ये समान अशी वस्ती आढळली नाही. शिवाय डीएनए वेगळा करायच्या रसायनांतही जीवाणूंचा डीएनए असतो, त्यामुळे तो रक्तातलाच वाटू शकतो.

मग हे सगळं थोतांडच? तसंही नाही. हाँगकाँगमध्ये नाकामागच्या घशाचा कर्करोग बराच आढळतो. त्याच्या पेशींत एपस्टाईन-बार विषाणू असतो, आणि पेशी मरताना त्याचा डीएनए रक्तात येतो. तिथले संशोधक डेनिस लो यांच्या गटाने लक्षणं नसलेल्या सुमारे २०,००० पुरुषांचं रक्त तपासलं. २०१७ मध्ये निष्कर्ष आले: ३४ जणांत कर्करोग सापडला, त्यातले सुमारे ७१ टक्के पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातले. एरवी हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास असे.

पण हाच विषाणू बहुतेक प्रौढांच्या शरीरात मुक्कामाला असतो. म्हणून डीएनए सापडलेल्यांची तपासणी काही आठवड्यांनी पुन्हा केली. दोन्ही वेळा डीएनए सापडलेले ३०९ जण होते. कर्करोग निघाला दहातल्या साधारण एकाला. बाकीच्यांपैकी बहुतेकांनाही दुर्बीण आणि एमआरआयला सामोरं जावं लागलंच. भारतात हा कर्करोग नागालँडसारख्या ईशान्येकडच्या भागांत जास्त दिसतो, महाराष्ट्रात क्वचितच. इथे सरसकट ही तपासणी केली, तर खऱ्या रुग्णांपेक्षा धास्तावलेले निरोगी लोकच कितीतरी जास्त निघतील.